मेडिकेअर नोंदणी-काल
मेडिकेअर नोंदणी-काल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेडिकेअर या संघीय आरोग्यविम्यात नाव घालण्यासाठी किंवा घेतलेली योजना बदलण्यासाठी कायद्याने ठरविलेल्या मुदती. प्रस्तुत नोंदीत ६५ वर्षांवरील व्यक्तींपुरता विचार केला आहे. पार्ट ए (रुग्णालय), पार्ट बी (डॉक्टर व बाह्यरुग्ण सेवा), पार्ट सी (ए व बी मिळून खासगी कंपन्यांमार्फत, मेडिकेअर ॲडव्हांटेज) आणि पार्ट डी (औषधे) असे या विम्याचे भाग आहेत.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी कायद्यावर सही केली. अंमल १ जुलै १९६६ पासून झाला. पार्ट बी ऐच्छिक व हप्त्याचा असल्याने लोक आजारी पडल्यावरच नाव घालतील, ही धास्ती होती. मुदतींचे मूळ तिच्यात आहे. पहिली मुदत ३१ मार्च १९६६ ही होती, ती ३१ मेपर्यंत वाढविण्यात आली. मूळ कायद्यात सर्वसाधारण नोंदणी विषम वर्षांच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होती आणि तीन वर्षांत न आलेल्यास दार कायमचे बंद होई. १९६७ च्या दुरुस्तीने नोंदणी दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्ये आली. तीन वर्षांची अट १९७२ मध्ये गेली, विलंब-अधिभार मात्र राहिला. पार्ट बीचा अधिभार चुकलेल्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांना हप्त्याच्या १० टक्के असून तो साधारणतः आयुष्यभर भरावा लागतो. अधिभारामुळे विमानिधी सावरतो, असे एक मत. चुकणारे बहुधा नियम न कळल्याने चुकतात, असे दुसरे. नियमांची गुंतागुंत पाहता दुसरे अधिक ग्राह्य वाटते.

प्रारंभिक नोंदणी-काल सात महिन्यांचा : पासष्टी पूर्ण होण्याचा महिना, त्याआधीचे तीन व नंतरचे तीन. येथे एक बारकावा आहे. इंग्लिश विधिपरंपरेनुसार व्यक्तीचे वय वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पूर्ण होते. त्यामुळे एक तारखेला जन्मलेल्यांचा महिना अलीकडे सरकतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहिलेल्या महाराष्ट्रीय पिढीला हा नियम थेट लागू पडतो. कागदोपत्री १ जूनच्या व्यक्तीची पासष्टी ३१ मे रोजी भरते व नोंदणी-काल मार्च–सप्टेंबर नव्हे, फेब्रुवारी–ऑगस्ट ठरतो.

नोकरीमुळे (स्वतःच्या अथवा जोडीदाराच्या) समूह-विमा असल्यास पार्ट बी लांबवता येतो. नोकरी किंवा तो विमा यांपैकी जे आधी संपेल त्यानंतर आठ महिन्यांचा विशेष काल मिळतो. नोकरी सुटल्यावर स्वखर्चाने चालू ठेवलेला कोब्रा विमा येथे धरला जात नाही, आणि घोटाळे बहुतेक याच ठिकाणी होतात. विशेष काल न मिळाल्यास १ जानेवारी ते ३१ मार्च हा सर्वसाधारण काल उरतो. पूर्वी त्यातील संरक्षण १ जुलैला सुरू होई. २०२३ पासून ते नोंदणीच्या पुढच्या महिन्यापासून मिळते.

योजना-बदलाचे काल यांहून वेगळे आहेत. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या वार्षिक कालात पार्ट सी व डीच्या योजना घेता, सोडता व बदलता येतात. बदल १ जानेवारीपासून लागू होतो. पार्ट बीची पहिली नोंदणी मात्र या कालात होत नाही. पार्ट सीच्या सदस्यांना जानेवारी ते मार्चमध्ये एकदाच दुसरी योजना घेता येते किंवा मूळ मेडिकेअरमध्ये परतता येते (२०१९ पासून). परतणे सोपे, पण वरखर्च भागविणारा मेडिगॅप हा पूरक विमा मिळेलच असे नाही. त्याची हमी ६५ वर्षे व पार्ट बी या दोन्ही गोष्टी जुळल्यापासून फक्त सहा महिने असते. त्यानंतर काही अपवाद वगळता कंपनी प्रकृती पाहून नकार देऊ शकते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट यांसारखी थोडी राज्ये याला अपवाद आहेत.

मुलांकडे ग्रीन कार्डावर गेलेल्या आई-वडिलांना सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर हप्ता भरून नाव घालता येते. स्वतःची किंवा जोडीदाराची ४० तिमाहींची अमेरिकी नोकरी असल्यास पार्ट ए विनाहप्ता मिळतो. मुलांची नोकरी त्यासाठी धरत नाहीत. भारतातील उपचारांचा खर्च मेडिकेअर सहसा देत नाही. पार्ट सीचा सदस्य योजनेच्या क्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास साधारणतः त्याचे नाव कमी होते. परदेशी वास्तव्य संपवून परतलेल्यांना पार्ट सी किंवा डी योजना घेण्यासाठी परतीच्या महिन्यानंतर पूर्ण दोन महिने मिळतात. पार्ट बी सोडून दिला असल्यास मात्र सहसा सर्वसाधारण कालाची वाट पाहावी लागते.