कलम 84 ते कलम 22: खुनाच्या खटल्यातला मनोविकलतेचा बचाव

गुन्हा करतेवेळी मन ठिकाणावर नव्हतं म्हणून दोषी धरू नये, हा बचाव 1860 च्या दंडसंहितेत कलम 84 म्हणून आला आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. इंग्लंडमधल्या 1843 च्या एका खटल्यावर बेतलेली त्याची कसोटी फारशी हललेली नाही. कृत्य करतेवेळी आपण काय करतोय, किंवा ते गैर वा बेकायदा आहे, हे आरोपीला कळत होतं का? 1886 मध्ये तापाने आजारी असलेल्या एका बापाने स्वतःच्या मुलांचा जीव घेतल्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आलं. रडण्याने तो चिडला होता, पण त्याला समजत होतं, असं ठरलं.

खरी लढाई पुराव्याची. आरोपीचं मन ठिकाणावर होतं असं न्यायालय धरून चालतं, उलट दाखवायचं ते त्यानेच. 1964 च्या गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ओझं हलकं केलं. दिवाणी दाव्यात लागते तेवढी संभाव्यता पुरे, आणि तीही साधली नाही तरी हेतूबद्दल रास्त शंका उरली तर आरोपी सुटतो.

2002 मध्ये महाराष्ट्रातला एक पोलीस शिपाई असा सुटला. पत्नीचा खून दिवसाढवळ्या झाला होता. तो पळाला नाही, काही लपवलं नाही. वडिलांना मनोविकार होता, त्याचे स्वतःचे उपचार आधीपासून चालू होते, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला 25 वेळा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. नोकरी सोडायला पत्नीचा विरोध, हे कारण न्यायालयाला तोकडं वाटलं.

आणि मग पुण्यातलं स्वारगेट. 25 जानेवारी 2012 ला सकाळी आगारातून पळवलेल्या एसटीने नऊ जणांचा जीव घेतला. चालक मनोरुग्ण असल्याचा बचाव शिवाजीनगरच्या कोर्टात टिकला नाही. ड्युटी बदलून न मिळाल्याचा राग हेच कारण धरलं गेलं. 2013 मध्ये फाशीची शिक्षा झाली. शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं नीट ऐकलं नाही म्हणून उच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं, वर्ष संपायच्या आत पुन्हा फाशीची शिक्षा झाली आणि 2014 मध्ये ती कायम झाली. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, दोष मात्र तसाच राहिला. मृतांच्या घरच्यांचा संताप समजण्यासारखाच होता. तरीही आजारी असणं आणि कायद्याने मनोविकल असणं यांतली दरी एवढी रुंद असावी का, हा प्रश्न या खटल्याने सोडवला नाही.

ही दरी बहुतेकदा कागदांनी भरते किंवा भरत नाही. जुने केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, आधी तपासलेल्या डॉक्टरची साक्ष. देवऋष्याकडे खेटे घालत राहिलेल्या घराकडे यातलं काहीच नसतं, आणि आजार खरा असूनही बचाव पडतो. न्याय संहितेच्या ऑगस्ट 2023 च्या पहिल्या मसुद्यात कलम 22 साठी ‘मानसिक आजार’ असं लिहिलं होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्या व्याख्येत व्यसनाधीनताही बसत असल्याने ते फार व्यापक ठरलं असतं, म्हणून डिसेंबरच्या विधेयकात ‘मनोविकलता’ ही जुनी शब्दयोजना परतली. कागदांच्या अडचणीला कोणी हात लावला नाही.

या बचावाने सुटलेला माणूस थेट घरी जातो, हा समजही चुकीचा आहे. कृत्य त्याने केल्याचं सिद्ध झालं असेल तर न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश देतं, किंवा हमी देणाऱ्या नातेवाइकाकडे सोपवतं. नातेवाईक पुढे आले नाहीत तर पुण्यात तो ताबा म्हणजे येरवड्याचं मनोरुग्णालय.