रानात ऊन, पेवात श्वास : पेशीच्या ऊर्जेच्या शोधाची पार्श्वभूमी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी पूर्वी पेवात साठवत. जमिनीत खोल खणलेलं हे कोठार भरून तोंड लिंपलं की धान्य वर्षानुवर्षं टिके. पेव उघडल्यावर मात्र कुणी लगेच आत उतरत नसे. आधी वारा खेळू द्यायचा, मग उतरायचं, कारण पेवात गुदमरून माणसं दगावल्याचं गावांना ठाऊक होतं. वाळलेला दाणाही जिवंत असतो. तो अगदी मंद श्वास घेतो, कोंडलेल्या जागेतला ऑक्सिजन संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहतो. किडे त्या हवेत जगत नाहीत म्हणून धान्य टिकतं, आणि त्याच हवेत माणूसही जगत नाही.

हाच दाणा भरला होता मार्गशीर्ष-पौषाच्या उन्हात, उभ्या ताटावर. तिथे हिरव्या पानाने नेमकं उलटं काम केलं होतं : कार्बन डायऑक्साइड आत घेतला, ऑक्सिजन बाहेर सोडला, साखर बांधली. पाठ्यपुस्तकात प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन हे दोन धडे वेगवेगळे येतात. त्यांचा इतिहासही बराच काळ वेगवेगळा चालला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते दोन्ही प्रवाह एकाच यंत्रणेपाशी येऊन मिळाले, आणि मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्ट तीच वाटते.

सुरुवात व्हान हेल्मॉंट या संशोधकाच्या कुंडीपासून करतात. त्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर गेलं, माती मात्र जेमतेम दोन औंस घटली. झाड पाण्यानेच बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला. हा प्रयोग १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. वजन चोख केलं होतं, पण हवा त्याच्या हिशेबात नव्हती.

ती हिशेबात आणली जोसेफ प्रीस्टलीने. १७ ऑगस्ट १७७१ रोजी, मेणबत्ती जळून विझलेल्या कोंडलेल्या हवेत त्याने पुदिन्याची डहाळी ठेवली. २७ तारखेला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती व्यवस्थित जळली. बिघडलेली हवा वनस्पती सुधारते, हे पहिल्यांदा दिसलं. पण प्रयोग पुन्हा केला की कधी जमे, कधी फसे, आणि खुद्द प्रीस्टलीलाही त्याचं कारण सांगता येईना. ते सापडलं १७७९ च्या उन्हाळ्यात, व्हिएन्नाच्या दरबारी वैद्य असलेल्या यान इंगेनहाउझला. लंडनजवळच्या एका घरी राहून त्याने सुमारे पाचशे प्रयोग केले. हवा सुधारतात ती फक्त हिरवी अंगं, आणि तीही उजेडातच. अंधारात झाड आपल्यासारखीच हवा बिघडवतं. म्हणजे झाडही श्वास घेतं, हे त्याच प्रयोगांतून उघड झालं. पुढे सेनेबिएने कार्बन डायऑक्साइड लागतो हे दाखवलं आणि द सोस्यूरने १८०४ मध्ये वजनांच्या आधारे पाण्याचाही वाटा सिद्ध केला.

दुसरा प्रवाह पॅरिसमध्ये चालला होता. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला आणि त्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे मोजून कोळसा जळतानाच्या आकड्यांशी ताडलं. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असं त्यांनी लिहिलं. १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. हे ज्वलन फुफ्फुसांत होतं अशी त्याची समजूत होती. ते शरीरातल्या प्रत्येक पेशीत होतं, हे पक्कं व्हायला एकोणिसावं शतक सरत आलं.

१८९७ मध्ये बुखनरने यीस्ट वाटून, पेशी फोडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे दाखवलं. या घटनेला मी फार मानतो, कारण पेशीतली रसायनं आता भांड्यात घेऊन एकेक पायरी तपासता येऊ लागली. १९४० पर्यंत साखर फोडण्याच्या पहिल्या दहा पायऱ्या कळल्या. शेफिल्डमध्ये हान्स क्रेब्झने कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करून, फुटलेल्या साखरेचा उरलेला भाग पूर्ण जाळणारं पुढचं चक्र मांडलं. त्याचं ते टिपण १९३७ मध्ये ‘नेचर’ने जागेअभावी घेतलं नाही, म्हणून ते दुसऱ्या नियतकालिकात छापलं गेलं. १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मोकळी झालेली ऊर्जा पेशी कशात धरून ठेवते? उत्तर एटीपी, म्हणजे अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट नावाचा रेणू, आणि इथे आपल्याकडे कमी घेतलं जाणारं एक नाव यायलाच हवं. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी १९२७ मध्ये स्नायूंत ऊर्जा साठवणारा फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी शोधला. त्याच वर्षी जर्मनीत लोमानलाही तो स्वतंत्रपणे सापडला. पुढे औषध कंपनीत सुब्बारावांच्या देखरेखीखाली डायइथाइलकार्बामाझिन तयार झालं. हत्तीरोग निर्मूलन मोहिमेत सोलापूर जिल्ह्यात घरोघर दिली गेलेली डीईसीची गोळी ती हीच. ज्याच्या कामाचा एक धागा आपल्या पेशीपेशीत आहे आणि दुसरा आपल्या उंबऱ्यापर्यंत आला, तो माणूस आपल्याला नावानेही माहीत नसावा, याचं मला वाईट वाटतं.

तिकडे पानाचं कोडं अडलं होतं ते ऑक्सिजनपाशी. तो येतो कुठून, कार्बन डायऑक्साइडमधून की पाण्यातून? १९३० च्या सुमारास व्हान नीलने गंधकावर जगणारे जांभळे जिवाणू अभ्यासले. पाण्याऐवजी ते हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक बाहेर टाकतात. मग हिरव्या झाडात पाणीच फुटत असणार, असा त्याचा तर्क. १९४१ मध्ये रूबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन, म्हणजे वजनावरून ओळखता येणारं ऑक्सिजनचं रूप, वापरून तो खरा ठरवला. याच दोघांनी १९४० मध्ये कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारामुळे माग काढता येणारा कार्बन, शोधला होता, ज्याने पुढचं सगळं शक्य झालं. रूबेन १९४३ मध्ये, तिशीही न गाठता, विषारी वायूच्या अपघातात गेला.

कार्बन-१४ घेऊन बर्कलीत कॅल्व्हिन, बेन्सन आणि बॅशम यांनी एकपेशीय शैवालाला काही सेकंदांपुरता हा कार्बन पाजला आणि लगेच गरम अल्कोहोलमध्ये सोडून जागीच थांबवलं. खूण केलेला कार्बन सर्वांत आधी तीन कार्बनांच्या एका आम्लात दिसला. तिथून पुढे साखर कशी बांधली जाते, याचं अख्खं चक्र उलगडलं. १९६१ चं नोबेल एकट्या कॅल्व्हिनला मिळालं. बेन्सनचा वाटा पाहता तो निर्णय अपुरा होता, असं मी स्पष्टच म्हणेन.

त्याच १९६१ मध्ये पीटर मिचेलने एक कल्पना मांडली आणि ती बहुतेकांना पटली नाही. एटीपी बनवणारा मधला रासायनिक पदार्थ सगळे शोधत होते आणि तो सापडत नव्हता. मिचेल म्हणाला, असा पदार्थच नाही. तंतुकणिका, म्हणजे पेशीतलं अन्न जाळणारं अंग, तिच्या पातळ पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) साचवले जातात आणि ते परत वाहताना एटीपी बनतो. उजनीच्या भिंतीआड अडवलेलं पाणी खाली येताना जनित्र फिरवतं, तसंच हे. १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी हरितलवकातली, म्हणजे पानातल्या ऊन धरणाऱ्या हिरव्या अंगातली, पटलं अंधारात आधी आम्लात आणि मग अल्कलीत ठेवली. प्रकाशाचा किरणही नसताना एटीपी तयार झाला. पान आणि स्नायू, ऊन धरणारी पेशी आणि अन्न जाळणारी पेशी, दोघी एकाच पद्धतीने चालतात हे तेव्हा दिसलं. मिचेलला १९७८ मध्ये नोबेल मिळालं. एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी हा जुन्या पुस्तकांतला आकडाही याच समजेतून खाली आला. आता तो ३० ते ३२ धरतात, कारण पटलातून बरेच प्रोटॉन इतर कामांत खर्च होतात.

आता सोलापूरच्या रानाकडे. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर उष्णतेत चुकतं. साधारण दर चार-पाच खेपांत एकदा ते ऑक्सिजनच पकडतं आणि बांधलेल्या कार्बनचा काही भाग वाया जातो. हवेतला कार्बन थेट रुबिस्कोकडे देण्याच्या या साध्या मार्गाने डाळिंब चालतं. ऊस आणि ज्वारी तसं करत नाहीत. हवाईतल्या ऊस-संशोधकांना खूण केलेला कार्बन तीन नव्हे, चार कार्बनांच्या आम्लात आधी सापडत होता. ते १९६५ मध्ये छापलं गेलं आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी १९६६ पासून त्याचा उलगडा केला. ही झाडं आधी कार्बन चार कार्बनांच्या आम्लात बांधतात, मग शिरेभोवतीच्या पेशींत नेऊन तिथे रुबिस्कोभोवती दाट करतात. त्याला दर कार्बनमागे दोन एटीपी जास्त लागतात. पण पर्णरंध्रं फार उघडावी लागत नाहीत, पाणी वाचतं. पावसाळा सरताना पेरलेली मालदांडी ज्वारी पुढे पाऊस नसताना जमिनीतल्या ओलीवर कणीस भरते, त्यामागे खोल मुळांइतकाच या मार्गाचाही हात आहे. हिवाळ्यातल्या गार रात्रीही मदतीला येतात, कारण गारव्यात श्वसन मंदावतं आणि दिवसा कमावलेलं दाण्यात जास्त उरतं. हुरडा गोड लागतो तो याच वाटेवरच्या टप्प्यात, साखरेचा स्टार्च व्हायचा असतो तेव्हा.

तिसरा मार्ग आपल्याच देशात चाखून सापडला. बेंजामिन हेन या वनस्पतितज्ज्ञाने दक्षिण भारतात पानफुटीची पानं चावून पाहिली. सकाळी आंबट, दुपारपर्यंत बेचव. हे निरीक्षण १८१५ मध्ये छापलं गेलं. ही झाडं रात्री रंध्रं उघडून कार्बन आम्लात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून तो वापरतात. निवडुंग, घायपात आणि अलीकडे जिल्ह्यात लावलं जाणारं ड्रॅगन फ्रूट याच वर्गातलं. जगदीशचंद्र बोस यांनीही हायड्रिला या पाणवनस्पतीत उन्हाळ्यात वेगळीच कार्बन-पद्धत दिसल्याचं १९२४ मध्ये नोंदवलं होतं. तिचं महत्त्व कळायला पुढे कित्येक दशकं लागली.

ज्वारीचा संपूर्ण जनुकसंच २००९ मध्ये वाचून झाला. साध्या मार्गाने चालणाऱ्या भातात ज्वारी-उसाचा मार्ग बसवण्याचा आंतरराष्ट्रीय प्रयत्नही साधारण त्याच काळात सुरू झाला. एखाददुसरं जनुक हलवून भागत नाही, शिरेभोवतीच्या पेशींची ठेवणच बदलावी लागते, त्यामुळे हे काम अजून प्रयोगशाळेतच आहे.