बोटभर ग्रंथी, हातभर चीर

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी असते. वजन जेमतेम 4 ते 5 ग्रॅम. पण ती इतकी खोल आणि अडचणीत दडलेली की तिथवर पोचायला एकतर पोट उघडावं लागे, नाहीतर कुशीत किंवा पाठीत चीर देऊन अनेकदा बरगडीचा तुकडाही काढावा लागे. रुग्णाला ग्रंथी गेल्यापेक्षा तिच्याकडे जाणाऱ्या वाटेचा त्रास जास्त होई. आज बहुतेकदा लहान छिद्रांतून दुर्बीण घालून ती काढतात; तिथवर कसे पोचलो, त्याची ही गोष्ट.

1926 साली स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी फिओक्रोमोसायटोमा ही अधिवृक्क ग्रंथीतली गाठ यशस्वीपणे काढली. ही गाठ हाताळली की रक्तात ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं उसळतात आणि रक्तदाब भडकतो. त्याला आवर घालणारी आजची औषधं त्या काळी नव्हती. दोन्ही रुग्ण वाचले, याचं मला आजही नवल वाटतं.

दुर्बिणीआधी काय काय यावं लागलं, हे सहसा सांगितलं जात नाही. दोन्ही ग्रंथी काढल्या तर प्राणी जगत नाही, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार यांनी 1856 मध्येच दाखवलं होतं. तो अडसर 1940 च्या दशकाअखेरीस ग्रंथीच्या संप्रेरकाची उणीव भरून काढणारं कॉर्टिझोन मिळू लागल्यावर दूर झाला. 1955 मध्ये जेरोम कॉन यांनी अल्डोस्टेरॉन या अधिवृक्क संप्रेरकाच्या अतिरेकाने वाढणारा रक्तदाब ओळखला, आणि मग सीटी स्कॅनने सेंटिमीटरभराची गाठही दाखवायला सुरुवात केली. एवढ्याशा गाठीसाठी हातभर चीर देणं तेव्हापासून खरोखर खटकू लागलं.

पित्ताशय दुर्बिणीने काढता येतं, हे 1980 च्या दशकात सिद्ध झालं होतं. 1992 साली मॉन्ट्रियलचे मिशेल गान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिवृक्क ग्रंथी तशीच काढल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी जपानमधूनही असे अहवाल आले. गान्ये यांनी रुग्णाला कुशीवर झोपवलं. आतली इंद्रियं स्वतःच्या वजनाने बाजूला कलतात आणि ग्रंथी समोर येते. इतकी साधी गोष्ट, पण सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे.

मात्र ग्रंथी पोटाच्या पोकळीला आतून अस्तर असणाऱ्या पडद्यामागे, पाठीच्या बाजूला असते. मग पोटात शिरायचंच कशाला? अडचण अशी, की पडद्यामागे पोकळी नाही, नुसती चरबी. त्याच 1992 साली मुंबईचे डॉ. दुर्गा गौर यांनी यावर उपाय दिला: रबरी नळीच्या टोकाला हातमोज्याचं बोट बांधायचं, ते आत सरकवून फुगवायचं, आणि जागा तयार करायची. या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत प्रिय आहे.

जर्मनीतल्या एसेनचे मार्टिन वाल्ट्झ यांनी 1994 पासून पाठीची वाट पक्की केली. रुग्ण पालथा, आणि वायूचा दाब पोटातल्या शस्त्रक्रियेपेक्षा बराच जास्त, पाऱ्याच्या 20 ते 25 मिलिमीटरइतका. या दाबाने जागा तर होतेच, बारीक शिरांतला रक्तस्रावही दबून राहतो. दोन्ही ग्रंथी काढायच्या असल्या तरी रुग्णाला मध्येच वळवावं लागत नाही. 2006 मध्ये त्यांनी अशा 560 शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. तोवर यंत्रमानवी हातही आले होते, पण वाटा याच राहिल्या.

कर्करोगाची दाट शंका असेल तिथे मात्र अनेक शल्यविशारद अजूनही मोठी चीरच देतात. गाठीचं आवरण फाटलं तर पेशी आत सांडतात, म्हणून ती अखंड निघणं जखमेच्या लांबीपेक्षा महत्त्वाचं असतं.