पिसांत की पिसांवर? पोपटांच्या चोच-पीस रोगाच्या तपासाची पार्श्वभूमी

पिंजऱ्यातल्या पोपटाची पिसं झडू लागली की आधी त्याचं डोकं बघायचं. स्वतःची पिसं उपटणाऱ्या पोपटाची चोच डोक्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे छाती-पाय उघडे आणि डोकं शाबूत असेल, तर तो स्वतःच उपटत असण्याची शक्यता जास्त. डोक्यावरचीही पिसं गेली असतील आणि जोडीदार ती उपटत नसेल, तर चोच-पीस रोगाचा, म्हणजे पीबीएफडीचा संशय धरावा. झडलेलं पीस हातात घेऊन पाहा: बुडाशी गळा आवळल्यासारखं अरुंद, दांडीत सुकलेलं रक्त, आणि गळून जायला हवं ते आवरण तसंच चिकटलेलं. काकाकुव्याची चोच एरवी पिसांच्या भुकटीने राखाडी दिसते. भुकटी तयार करणारी पिसं रोगाने गेली की तीच चोच काळीभोर चकाकू लागते, आणि ही चकाकी पाहून पक्षी निरोगी आहे असा गैरसमज सहज होतो.

रोग जुना आहे. १८८८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड हिल्समध्ये पिसं गेलेले रेड-रम्प्ड जातीचे रानपोपट दिसल्याची नोंद आहे; ती छापून आली १९०७ मध्ये. १९७०च्या दशकात सिडनीतले पशुवैद्य रॉस पेरी यांनी काकाकुव्यांमधल्या या आजाराचं नीट वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं. १९८४ मध्ये ऊतकांमधले बदल प्रसिद्ध झाले, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत विषाणू वेगळा करून ओळखला गेला. हा सर्कोव्हायरस आहे. त्याचा जनुकसंच म्हणजे सुमारे २,००० न्यूक्लिओटाइडांचं एकपदरी डीएनएचं वर्तुळ. आकार इतका लहान, पण तो थायमस आणि बर्सा हे प्रतिकारशक्ती घडवणारे अवयव निकामी करतो. म्हणून अनेक पक्षी पिसांच्या दुखण्याने मरत नाहीत. कमकुवत झालेल्या शरीरात बुरशी किंवा जिवाणू शिरतात, आणि मृत्यूची नोंद त्यांच्या नावावर होते.

पेरींच्या काळी निदान व्हायचं ते पिसाच्या मुळाच्या बायोप्सीवर, आणि ती आजही लागते. ३-४ मिलिमीटरचा पंच, म्हणजे कातडीचा गोल तुकडा, घेताना त्यात पिसाचं मूळ आलंच पाहिजे. नुसती कातडी घेतली तर रोगाची जागाच हुकते. एक तुकडा दहापट फॉर्मेलिनमध्ये टाकायचा आणि दुसरा कोरडा, गोठवून ठेवायचा. फॉर्मेलिनमध्ये डीएनए खराब होतो. सूक्ष्मदर्शकाखाली भक्षक पेशींमध्ये द्राक्षांच्या घडासारखे निळसर गोळे दिसतात. पॉलिओमा विषाणूमुळेही पिलांची पिसं बिघडतात, पण त्यात पेशींची केंद्रकं फुगतात.

१९९० नंतर पीसीआर, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी आली आणि एक नवाच घोळ सुरू झाला. या विषाणूचा प्रसार मुख्यतः पिसांच्या आणि कातडीच्या धुळीतून होतो, आणि ती धूळ शेजारच्या निरोगी पक्ष्याच्या अंगावरही बसते. त्याचं पीस तपासलं तर निकाल पॉझिटिव्ह. नख कापून रक्त घेतलं, तर नखावरची घाण थेंबात उतरते. म्हणून शिरेतून रक्त घ्यायचं, ती जागा आधी स्पिरिटने पुसायची, प्रत्येक पक्ष्यासाठी नवे हातमोजे घालायचे, आणि संशयित पक्षी सर्वांत शेवटी हाताळायचा. निरोगी पक्ष्याचं वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त काढू नये, आजारी पक्ष्याचं त्याहून कमी. ४५ ग्रॅमच्या पोपटात ही मर्यादा जेमतेम ०.४५ मिलिलिटर भरते!

एकट्या पीसीआरवर पक्ष्याचं भवितव्य ठरवू नये, असं आमचं ठाम मत आहे. सोबत दोन चाचण्या लागतात. एचए चाचणीत पक्षी पिसांतून किती विषाणू बाहेर टाकतोय ते कळतं, आणि एचआय चाचणीत त्याच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तयार झाली आहेत का ते. पीसीआर पॉझिटिव्ह, एचए शून्य आणि प्रतिपिंडं भरपूर असा पक्षी बहुधा रोगाशी झुंजून सावरतोय. प्रतिपिंडं नाहीत आणि एचए खूप जास्त, तर परिस्थिती गंभीर. लक्षणं नसलेला पॉझिटिव्ह पक्षी वेगळा ठेवून सुमारे ९० दिवसांनी पुन्हा तपासतात. दुर्मीळ जातीत एक पक्षी चुकून बाद झाला, तरी त्याचे जनुक कायमचे जातात.

केशरी पोटाच्या पोपटांच्या बाबतीत ही भीती प्रत्यक्ष समोर होती. टास्मानियात १९८६ पासून त्यांची बंदिस्त पैदास चालू आहे. २०१५ मध्ये टास्मानियातल्याच मेलालूका इथे रानातल्या घरट्यांमधल्या पिलांत हा विषाणू सापडला, आणि २०१६ मध्ये तिथे स्थलांतरावरून जेमतेम १७ पक्षी परतले. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्येच या रोगाला वन्यजातींवरचं मोठं संकट म्हणून कायद्याने नोंदवलं होतं.

मॉरिशसच्या एको पोपटांची संख्या १९८०च्या दशकात दहाच्या आसपास होती. पैदास करून, घरट्यांची देखरेख करून आणि जादा अन्न देऊन ती वाढवली, आणि २००४-०५च्या हंगामात तिथे चोच-पीस रोगाची साथ आली. एको हा आपल्या राघूचा जवळचा नातेवाईक. माणसांनी तिथे नेलेला राघूही त्या बेटावर स्थायिक झालाय, आणि त्याच्यातही हा विषाणू आढळतो. हाताळणी आणि खाद्याची सामायिक भांडी यांतून संसर्ग पसरू शकतो, त्यामुळे जातीला तारणाऱ्या उपायांचाच तिथे फेरविचार करावा लागला.

विषाणू घरट्याच्या ढोलीत आणि खुराड्याच्या लाकडात दीर्घकाळ टिकतो. साध्या साबणाने तो जात नाही. पेरॉक्सिजन गटातलं जंतुनाशक लागतं, तेही विष्ठा आणि भुकटी खरवडून काढल्यावर. घाणीवरच फवारलं, तर औषध घाणीतच खर्च होतं. उपचार नाही. महाराष्ट्रात राघू पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि पकडलेले राघू बचाव केंद्रांत येतात. परदेशी पोपटांच्या पिंजऱ्यांपासून त्यांना दूर, वेगळ्या हवेत आणि वेगळ्या भांड्यांवर ठेवावं, आणि सोडण्याआधी त्यांच्या डोक्यावरची पिसं एकेक करून पाहावीत.