७२ आणि ८६६: एकाच राउटरवरील दोन वेगांची पार्श्वभूमी

राउटर एकच, खोली तीच. तरीही फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडणीचा वेग ८६६ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) दिसतो आणि शेजारच्या जुन्या लॅपटॉपवर जेमतेम ७२. अशा वेळी संशय आधी राउटरवर जातो. वास्तविक हे दोन्ही आकडे त्या त्या उपकरणाच्या जन्मसालाचे आणि घडणीचे आहेत.

अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने १९८५ साली काही लहरपट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले. त्यांतला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मायक्रोवेव्ह ओव्हनही वापरत असल्याने त्याची किंमत तशी कमीच मानली जाई. याच पट्ट्यावर १९९७ मध्ये ८०२.११ हे वायफायचे पहिले मानक आले, तेव्हा कमाल वेग होता २ एमबीपीएस. १९९९ मध्ये एकदम दोन वाटा फुटल्या: २.४ वर ११ एमबीपीएस देणारे ‘बी’ आणि ५ गिगाहर्ट्झवर ५४ देणारे ‘ए’. बाजारात स्वस्त ‘बी’ जिंकले, आणि पुढची कित्येक वर्षे घरगुती उपकरणे २.४ च्याच गर्दीत राहिली. भारतात हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झवरील निर्बंध मात्र २०१८ मध्ये बरेच सैल झाले.

खरी तफावत सुरू झाली ती २००९ च्या ‘एन’ मानकापासून. एकाहून अधिक अँटेनांवरून एकाच वेळी वेगवेगळे डेटाप्रवाह पाठवण्याची सोय त्यात आली, त्यामुळे वेग केवळ मानकावर न राहता उपकरणात किती अँटेना बसवल्या आहेत आणि ते किती रुंद चॅनेल (पट्ट्याचा वापरातला तुकडा) वापरते यावर ठरू लागला. एक अँटेना आणि २० मेगाहर्ट्झचा चॅनेल असेल, तर ‘एन’चा कमाल वेग ७२ भरतो, लॅपटॉपवरचा आकडा तो हाच. २०१३ च्या ‘एसी’ मानकात दोन अँटेना आणि ८० मेगाहर्ट्झ धरले की ८६६.७, म्हणजे फोनवरचे ८६६ येतात. राउटरला चार दांडे असले तरी दोन अँटेनांच्या फोनला त्याहून जास्त घेता येत नाही. राउटरच्या खोक्यावरचे ‘एसी१२००’ तर २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची बेरीज ढोबळ करून लिहिलेला आकडा आहे, आणि ही बेरीज सहसा कोणत्याही एका उपकरणाच्या वाट्याला येत नाही.

शिवाय हा वेग जोडणीचा असतो, प्रत्यक्ष डाउनलोडचा नव्हे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, ही वायफायची मूळ शिस्त आहे. पोचपावत्या आणि थांबे यांत बराच वेळ जातो आणि ११ एमबीपीएसच्या काळातही हाती पाच-सहाच लागत. मंद उपकरण तेवढाच डेटा पाठवायला जास्त वेळ चॅनेल अडवते, त्यामुळे एखादा जुना लॅपटॉप मोठी फाईल उतरवत असताना त्याच पट्ट्यावरचे नवे फोनही रेंगाळतात. एकच चॅनेल अनेकांत वाटून देण्याची सोय वायफाय ६ मध्ये आली, पण तिचा लाभही ते मानक जाणणाऱ्या उपकरणांनाच मिळतो.

वायरने मोजले की खरा वेग कळतो, ही समजूतही दरवेळी खरी ठरत नाही. अनेक स्मार्ट टीव्हींना इथरनेटचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असते, त्यामुळे वायर लावल्यावर टीव्ही ९४-९५ वर थांबतो आणि वायर काढली की वायफायवर त्याच्या पुढे जाऊ शकतो.