‘लागवडयोग्य जमीन’ आणि ‘शेतजमीन’ : वॉलिस व फुटुनाचे दोन आकडे

वॉलिस व फुटुना या दक्षिण पॅसिफिकमधील फ्रेंच बेटांविषयीच्या तक्त्यांत ‘लागवडयोग्य जमीन ७.१ टक्के’ अशी नोंद आढळते आणि तिच्या शेजारीच ‘शेतजमीन सुमारे ४३ टक्के’ असाही आकडा असतो. पहिला वाचून बेटांवर पिकण्याजोगी जमीन जेमतेमच असावी असे वाटते, आणि दुसरा वाचला की पहिलाच चुकलेला वाटू लागतो. वस्तुतः दोन्ही आकडे एकाच मोजणीतले आहेत. घोटाळा ‘योग्य’ या शब्दाने केला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत ‘लागवडयोग्य’ या वर्गाचा जमिनीच्या अंगभूत योग्यतेशी संबंधच नाही. हंगामी पिकांखालची जमीन, भाजीपाल्याचे व परसातले मळे, तात्पुरती कुरणे आणि पाच वर्षांहून कमी काळ पड टाकलेली जमीन एवढेच त्यात धरले जाते. उद्या नांगर घालता येईल अशी सुपीक पण रिकामी जमीन त्यात येत नाही. शेतजमीन मात्र तीन वर्गांची बेरीज आहे : हा पहिला वर्ग, एकदा लावून वर्षानुवर्षे उत्पन्न देणारी बहुवार्षिक पिके आणि कायमची कुरणे.

वॉलिस, फुटुना आणि फुटुनाशेजारचे अलोफी बेट मिळून क्षेत्रफळ सुमारे १४२ चौरस किलोमीटर भरते, आणि २०१८च्या जनगणनेत येथे साडेअकरा हजारांच्या आसपास लोक होते. अळकुडी आणि कोनफळ ही येथली कंदपिके पहिल्या वर्गात मोडतात, तर नारळ, नीरफणस आणि केळी बहुवार्षिक पिकांत जातात. या दुसऱ्या वर्गाचा वाटा जवळजवळ ३६ टक्के आहे, म्हणजे ७ आणि ४३ यांमधले सारे अंतर तोच भरून काढतो. कोकणातली नारळी-पोफळीची बाग याच व्याख्येने ‘लागवडयोग्य’ ठरणार नाही. आपल्याकडच्या सरकारी आकडेवारीत मात्र फळबागा निव्वळ पेरणी क्षेत्रातच धरल्या जातात आणि ‘लागवडयोग्य पडीक’ या वेगळ्या वर्गात ‘योग्य’चा अर्थ खरोखरच योग्य असा असतो. मराठी वाचकाची फसगत होते ती बहुधा येथेच.

हाच प्रकार टोकाला गेलेला पाहायचा असेल, तर न्यूझीलंडच्या ताब्यातील टोकेलाऊकडे पाहावे. तीन प्रवाळद्वीपांच्या या प्रदेशात लागवडयोग्य जमीन शून्य टक्के नोंदवलेली आहे आणि शेतजमीन मात्र ६० टक्क्यांच्या घरात, कारण ती जवळपास सगळी माडांखालची आहे.

७.१ मधल्या दशांशाला मात्र फार मान देऊ नये. मूळ आकडे हजार हेक्टरांच्या पूर्णांकात आहेत : एकूण १४ हजार, मोसमी पिके १ हजार, बहुवार्षिक ५ हजार. प्रत्यक्ष क्षेत्र सहाशे हेक्टर असो वा चौदाशे, जवळच्या हजारात ते १ हजार असेच लिहिले जाईल, आणि टक्केवारी मात्र सुमारे ४ पासून १० पर्यंत कुठेही असू शकेल. इतक्या लहान प्रदेशात तो दशांश मोजणीतून येत नाही, निव्वळ भागाकारातून येतो.

आणखी एक पेच फिरत्या शेतीचा आहे. तुकडा साफ करून कंद लावायचे, जमिनीचा कस उतरला की तो झाडोऱ्याला सोडून द्यायचा, ही पद्धत या बेटांवर जुनी आहे. असा सोडलेला तुकडा व्याख्येनुसार लागवडयोग्य जमिनीतून वगळला जातो, जरी तो उद्या पुन्हा पिकणार असला आणि त्यावरचा हक्क कोणत्या कुटुंबाचा हे गावाला पक्के ठाऊक असले, तरी. गोड्या पाण्याअभावी अलोफीवर कायमची वस्ती जवळजवळ नाही. फुटुनाचे लोक मधली सामुद्रधुनी ओलांडून तेथे मळे करायला जातात. त्यातला एखादा मळा या वर्षी पहिल्या वर्गात असेल, सोडून दिल्यावर कोणत्याच वर्गात नसेल, आणि पुन्हा कंद लावले की परत पहिल्या वर्गात येईल.