कपड्यांची गाठ वेगळी, चिंध्यांची गाठ वेगळी

"परदेशातून चिंध्या येतात, म्हणून आपल्या मिल बंद पडल्या." हे वाक्य मी सेलूपासून नांदेडपर्यंत इतक्या वेळा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. यात दोन वेगळ्या मालांचा एक काला झालाय, आणि त्यापायी खरा धोका नजरेआड होतो.

गाठ म्हणजे काय, हे परभणी-जालन्याकडच्या माणसाला सांगायला नको. जिनिंगला सरकी काढली, रुई दाबली, की १७० किलोची गाठ. परदेशी जुना मालही असाच दाबून, गाठी बांधून येतो. पूर्व आफ्रिकेत या जुन्या कपड्यांना 'मितुंबा' म्हणतात आणि स्वाहिलीत त्याचा अर्थच मुळी गाठोडी.

पण एका गाठीत असतात अंगात घालता येतील असे शर्ट, जीन्स, स्वेटर. दुसरीतही तेच कपडे, फक्त कोणीच घालू शकणार नाही असे कात्रीनं फाडलेले. कस्टमच्या कागदावर पहिला माल ६३०९ क्रमांकाखाली येतो, दुसरा ६३१० खाली. चिंध्या म्हणायचं ते फक्त दुसऱ्याला. पहिल्याला चिंध्या म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

एका कात्रीनं एवढा काय फरक पडतो? लातूरच्या डाळ मिलवाल्याला विचारा. म्यानमारहून अख्खी तूर आली तर शेतकऱ्याचा भाव पडतो, पण मिल चालते, हमालाला काम मिळतं. तयार डाळच आली तर शेतकरीही गेला आणि मिलही. कापडाचं अगदी तसंच आहे. कापलेली चिंधी म्हणजे अख्खी तूर. ती पानिपतला जाते. तिथं बाया बटणं, चेन काढतात, रंगानुसार ढीग लावतात. रंग आधीच निवडल्यामुळे पुन्हा रंगवायचा खर्च वाचतो. मग यंत्रात पिंजून तंतू, त्याचं सूत, सुताचं ब्लँकेट. कातणं, विणणं, शिवणं सगळं इथं होतं. परदेशी चिंध्यांचा हा धंदा मुळात लोकरी आणि ॲक्रिलिकच्या स्वेटर-कोटांवर उभा राहिला, त्यामुळे कापूसवाल्यालाही त्याची थेट झळ फारशी लागत नाही.

न कापलेला शर्ट म्हणजे तयार डाळ. पहिल्या मालकानं तो दान केलेला किंवा टाकून दिलेला असतो. त्याच्या किमतीत कापूस नाही, सूत नाही, शिलाई नाही; गोळा करणं, निवडणं आणि जहाजाचं भाडं, एवढंच. याच्याशी कुठल्याच मिलचा नवा शर्ट भावात टिकत नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर शिंपीकाम केलं, म्हणून मला हे फक्त आकड्यांत दिसत नाही. गिऱ्हाईक तयार शर्टाकडे वळलं की पहिलं मशीन शिंप्याचं थांबतं.

आफ्रिकेत हेच घडलं. गार्थ फ्रेझर या अर्थतज्ज्ञाच्या २००८ च्या अभ्यासानुसार १९८१ ते २००० या काळात तिथलं कपड्यांचं उत्पादन जेवढं घसरलं, त्यातली सुमारे ४० टक्के घसरण आणि रोजगारातली सुमारे ५० टक्के घसरण जुन्या कपड्यांच्या आयातीमुळे होती. बाकीची दुसऱ्या कारणांनी, हेही विसरू नका. रवांडानं २०१६ मध्ये या मालावरचा कर किलोला २० सेंटवरून अडीच डॉलर केला, तर अमेरिकेनं २०१८ मध्ये रवांडाच्या तयार कपड्यांची करमाफी थांबवली. आपले व्यापारी नियम ठरवायलाही गरीब देशाला अशी किंमत मोजावी लागते, याचा मला संताप येतो.

आपल्याकडे न कापलेला जुना कपडा परवान्याशिवाय आणता येत नाही. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात तो निवडला जातो आणि बराचसा पुन्हा बाहेर पाठवला जातो. म्हणून नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली त्याचं खापर या गाठींवर फोडू नका. आपल्या जुन्या मिल जुनाट यंत्रं, थकलेली देणी आणि यंत्रमागाचं स्वस्त कापड यांखाली दबल्या.

धोका आहे तो मधल्या फटीत. नुसता एक चिरा मारलेला शर्ट चिंधी म्हणून उतरतो आणि टाका घालून बाजारात जातो. कापड धंद्यातले लोक वर्षानुवर्षं याचीच तक्रार करतात. माझं मत ठाम आहे: चिंध्यांवर बंदी नको, पण बंदरावर गाठ उघडून कात्री नीट चालली आहे का ते बघा.

बाकीचे घोळ किरकोळ. थंडीत तिबेटी लोक विकतात ते स्वेटर नवे असतात, बहुतेक लुधियानाचे. 'एक्स्पोर्ट सरप्लस' म्हणजे निर्यातीतून उरलेला नवा माल, कोणी वापरलेला नव्हे. आणि दारावर येऊन साड्यांच्या बदल्यात पातेलं देणारी भांडीवाली नेते ते कपडे तुमच्या-माझ्याच घरातले, त्यांना कुठल्याही बंदराचा शिक्का नाही.